वन्संची उन्हाळी रजा

माझी नणंद परदेशात, डोंगरातल्या एका मिशन दवाखान्यात परिचारिका आहे. बावीस वर्षं झाली तिला तिथे जाऊन. एवढ्या वर्षांत तिने आम्हाला शेकड्यांनी फोटो पाठवले, पण एकात ती स्वतः धड दिसेल तर शपथ. कधी कुणाच्या पायाला पट्टी बांधणारा हात, कधी पाठमोरा निळा झगा, कधी नुसतं कोपर. सासूबाई भिंग घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "कोपर तिचंच आहे. खरचटलंय बघ. स्वतःला पट्टी बांधायला हिला वेळ नाही."

मी तिला वन्सं म्हणते ते निम्मं चेष्टेनं. आम्ही दोघी एकाच वयाच्या, लग्नाआधीपासून चर्चच्या एकाच मंडळीत एकाच बाकावर बसून गाणाऱ्या. तीही सूड म्हणून मला वहिनी म्हणते. दर तीन वर्षांनी उन्हाळ्यात तिला दोन महिन्यांची रजा मिळते आणि ती घरी येते. पहिले चार दिवस नुसती झोपते. मग दात दाखवायला जाते, मग जवळपासच्या मंडळ्यांना भेटून येते, आणि उरलेले दिवस सासूबाई तिला खायला घालतात. हा शिरस्ता कधी मोडला नव्हता.

तो मोडला यंदा. वन्संचं पत्र आलं की थोरल्या बाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना मागे-पुढे कुणी नाही, तर या वेळची रजा मी त्यांच्याकडे काढते. घर मोठं आहे. तुम्ही सगळे तिकडेच या, एकत्र राहू.

थोरल्या बाई म्हणजे त्या दवाखान्यातल्या आधीच्या मुख्य परिचारिका. त्या थोरल्या आणि वन्सं धाकट्या, असं पेशंटांनीच ठरवून टाकलेलं. दोन वर्षांपूर्वीच निवृत्त होऊन त्या त्यांच्या स्वतःच्या देशात, समुद्रकाठच्या एका गावात परतल्या होत्या. पण आमच्या घरात त्यांचं नाव काढायची सोय नव्हती. बावीस वर्षांपूर्वी त्या आमच्या मंडळीत दवाखान्याबद्दल सांगायला आल्या होत्या आणि एक रात्र आमच्याच घरी राहिल्या होत्या. सासूबाईंनी कौतुकानं चांगलं चार पदार्थांचं जेवण केलं होतं. त्यानंतर दोनच महिन्यांत वन्संने शहरातल्या इस्पितळातली नोकरी सोडली आणि ती डोंगरात गेली. तिच्यासाठी एक स्थळ बघून ठेवलेलं, ते तसंच राहिलं. तेव्हापासून सासूबाईंचं एकच वाक्य: "त्या बयेला मी जेवू घातलं आणि ती माझी मुलगी घेऊन गेली!"

त्यामुळे पत्र वाचल्यावर काय झालं असेल ते सांगायला नको. "तीन वर्षांनी एकदा रजा, आणि तीही तिलाच?" एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. आमचे हे बसडेपोत इलेक्ट्रिशियन आहेत. मोडलेलं काही दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही यांना. हे म्हणाले, "आई, आपण जाऊ या की. मलाही एकदा विमानात बसायचंय."

"तू जा. मी नाही येणार."

अकरा दिवस त्या 'नाही' वर ठाम होत्या. बाराव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर कपाटातलं सगळं पलंगावर काढलेलं. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तिकडे गारठा असतो म्हणे. जाड स्वेटर किती घेऊ?"

विमान, मग सात तासांची आगगाडी, मग घाटातली बस. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई सगळ्या वाटेत ताठ बसून होत्या, जणू भांडायलाच निघाल्यात. वन्सं बसथांब्यावर उभी होती. नेहमीपेक्षा वाळलेली, उन्हानं रापलेली, केस अगदी आखूड कापलेले. तिने आईला मिठी मारली ती सोडेचना. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य बोलल्या, "केसांचं हे काय करून घेतलंस?"

मागे काठीवर रेलून थोरल्या बाई उभ्या होत्या. माझ्या आठवणीत त्या धिप्पाड होत्या. प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागणाऱ्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, गालांवर लाल रेघा असलेल्या म्हातारबाई निघाल्या. त्यांनी सासूबाईंचे दोन्ही हात धरायला हात पुढे केले. सासूबाईंनी दोन बोटं दिली.

घर तीन मजली, अरुंद, एका चांभाराच्या दुकानावर बांधलेलं. खाली दिवसभर हातोडीची टकटक आणि कातड्याचा वास. जिना असा चढा की वर जाताना पुढच्या माणसाच्या टाचा आपल्या नाकासमोर. सगळ्यात वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर, कारण तिथून समुद्र दिसतो. हे तासाभरात खाली चांभाराच्या दुकानात जाऊन बसले. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून शिलाईच्या यंत्राची मोटर उघडून टेबलावर मांडली होती आणि दोघांच्याही चेहऱ्यावर भलतंच समाधान होतं.

स्वयंपाकघरात मात्र दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींना चुकवत होत्या. सासूबाई बटाटे सोलायच्या, थोरल्या बाई पलीकडच्या खिडकीशी बसून शेंगा निवडायच्या. मध्ये वन्सं, या टोकाचं त्या टोकाला सांगणारी. तिला त्यांची भाषा आपल्या भाषेइतकीच सफाईनं येते. "आई, त्या विचारतायत, झोप लागली का?" "लागली म्हणावं." "त्या म्हणतात, उशी बदलून देऊ का?" "नको म्हणावं." असं तीन दिवस चाललं. हिशोबी माणसानं शब्द मोजून द्यावेत तसं.

चौथ्या दिवशी हे मोटरच्या तेलाचे काळे हात घेऊन वर आले आणि सरळ पावाच्या टोपलीत हात घालायला गेले. तेवढ्यात खिडकीशेजारून खणखणीत आवाज आला, "अगं बाई! आधी हात धू!"

आम्ही सगळे दचकलो. आवाज थोरल्या बाईंचा होता, पण शब्द आपले, आणि सूर तर थेट सासूबाईंचा. तो 'धू' चा हेल, ती शेवटी वर जाणारी पट्टी. आणि यांना 'अगं'! हे तिथल्या तिथे लहान पोरासारखे हात मागे घेऊन उभे राहिले.

सासूबाईंच्या हातातला बटाटा तसाच राहिला. "हे हिला कुणी शिकवलं?"

वन्सं हसू दाबत म्हणाली, "तू."

"मी कधी शिकवलं?"

"मला शिकवलंस ना? मी तिथे चिडले की आपोआप तुझंच तोंडात येतं. थोरल्या बाईंनी वीस वर्षं ऐकलंय. त्यांना आपले चाळीसएक शब्द येतात, आणि सगळे तुझे."

थोरल्या बाईंना काय चाललंय ते कळलं. शाळेत कविता म्हणून दाखवतात तसं हात गुडघ्यांवर ठेवून त्यांनी एकेक म्हणायला सुरुवात केली. "काय हा पसारा! वेडाबाई! गप बस! खाऊन घे, मग रड!"

'खाऊन घे, मग रड' ऐकलं आणि सासूबाईंना आधी हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसू. वन्सं सांगत होती की दवाखान्याच्या दारात बसणाऱ्या बायकासुद्धा पोरांना आता 'आधी हात धू' म्हणतात, त्यांना वाटतं ते एखाद्या औषधाचं नाव आहे. सासूबाई उठल्या, आपली खुर्ची उचलून पलीकडच्या खिडकीशी घेऊन गेल्या आणि थोरल्या बाईंच्या पुढ्यातल्या अर्ध्या शेंगा स्वतःच्या ओच्यात घेतल्या. "बारीक चिरायच्या असतात या," म्हणाल्या. थोरल्या बाईंनी मान डोलावली. त्यांना कळलं काहीच नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मजेत गेले. त्या दोघी तासन्‌तास बोलायच्या, जी ती आपल्या भाषेत, आणि वन्सं मध्ये पडायला गेली की दोघीही तिला 'गप बस' म्हणायच्या.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही फिरायला निघालो. तिथल्या भागातल्या तीन लहान मंडळ्या गेली कित्येक वर्षं दवाखान्याला औषधं आणि कपडे पाठवतात. त्यांनी वन्संला कधी पाहिलं नव्हतं. थोरल्या बाईंच्या मंडळीत एक बसड्रायव्हर बाई होत्या, दणकट, मोठ्यानं हसणाऱ्या. त्यांनी आपली रजा टाकली, चर्चची जुनी व्हॅन काढली आणि आम्हा पाचजणांना भरलं. पुढे थोरल्या बाई दोन उशांवर, मधे सासूबाई आणि मी, मागे हे आणि वन्सं. समुद्र डाव्या हाताला, उजवीकडे मेंढ्या चरणारे हिरवे उतार. बसवाल्या बाई चढावर गियर टाकताना भजनाची ओळ म्हणायच्या, आणि वळण संपेपर्यंत तो सूर सोडायच्या नाहीत. दोन चाली आमच्याही ओळखीच्या निघाल्या. शब्द वेगळे, चाल तीच. मग काय, व्हॅनमध्ये दोन भाषांत एकच गाणं, आणि हे दोन्हीपैकी कशातच नसलेल्या सुरात.

एका चढावर व्हॅन बंद पडली. आम्ही बाकीचे खाली उतरलो, यांचा चेहरा मात्र उजळला. चाळीस मिनिटं हे आणि बसवाल्या बाई बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. आम्ही बायका रस्त्याकडेला गवतावर बसून उकडलेली अंडी खाल्ली. व्हॅन सुरू झाली तेव्हा बसवाल्या बाईंनी यांच्या पाठीवर अशी थाप मारली की हे दोन पावलं पुढे गेले.

पण एक अडचण होतीच. वन्संला चारचौघांत बोलता येत नाही. फाटलेली जखम ती डोळा न लववता शिवेल, पण पंचवीस माणसांसमोर उभी राहिली की तिचं त त प प सुरू होतं. पहिल्या मंडळीत तिनं साक्ष दिली ती पाच वाक्यांत. "डोंगरात लोक आजारी पडतात. आम्ही औषध देतो. बरं करणारा प्रभू आहे. तुमच्या कपड्यांबद्दल आभार. आमच्यासाठी प्रार्थना करा." आणि खाली बसली. दुसऱ्या मंडळीत चार वाक्यं झाली, कपडे विसरली.

"एवढ्या लांबून आलो ते हे ऐकायला?" सासूबाई व्हॅनमध्ये मला कुजबुजल्या. "ही काय करते ते तिथल्या शेळ्यांनासुद्धा जास्त माहीत असेल."

तिसरं प्रार्थनाघर म्हणजे मासेमारीची जाळी ठेवायची जुनी वखार होती. पांढऱ्या रंगानं रंगवलेल्या भिंती, लाकडी बाकं, तीसएक माणसं. बसवाल्या बाई, थोरल्या बाई आणि आम्ही पहिल्या दोन बाकांवर. वन्सं उठली, तीन वाक्यं बोलली आणि खाली बसायला वळली. तेवढ्यात सासूबाई उभ्या राहिल्या.

"मी बोलते," त्या म्हणाल्या. "तू सांग यांना."

"आई, अगं..."

"गप बस. सांग."

पुढच्या बाकाला धरून त्या बोलू लागल्या. एक वाक्य त्यांचं, एक वन्संचं. वन्सं नऊ वर्षांची असताना घरातल्या खुर्च्यांच्या पायांना चादरी फाडून पट्ट्या बांधायची, ते सांगितलं. माणसं हसली. वडील वारले तेव्हा शेवटचे सहा महिने तीच त्यांना उचलून बसवायची, ते सांगितलं. मग सासूबाई थोरल्या बाईंकडे वळल्या.

"या बाईवर मी बावीस वर्षं रागावले होते. हिला मी जेवू घातलं आणि ही माझी मुलगी घेऊन गेली."

वन्संचे कान लाल झाले. तिनं घसा खाकरला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी दोन शब्दांत सांगितलं. माणसांनी हसून माना डोलावल्या. एवढ्यात माझ्या शेजारून हे उठले. यंत्रांची माहितीपुस्तकं वाचून आणि चांभाराच्या दुकानात बसून यांना त्या भाषेतले जेमतेम पन्नास शब्द येत होते, तेवढे सगळे यांनी पणाला लावले. "नाही! चूक! आई आनंदी नाही! आई राग! बावीस वर्षं राग!"

प्रार्थनाघर खो खो हसायला लागलं. सासूबाईंनी लेकीकडे डोळे वटारले. "काय सांगितलंस गं यांना?"

"तुला त्यांना भेटून आनंद झाला म्हणून सांगितलं."

"देवाच्या घरात उभी आहेस. शब्द न्‌ शब्द सांग."

मग वन्संनं खरं ते सांगितलं, जेवणासकट. थोरल्या बाई पहिल्या बाकावर डोळे पुसत हसत होत्या.

सासूबाईंचं अजून संपलं नव्हतं. "बावीस वर्षं मी रोज एकच मागणं मागितलं, हिला घरी पाठव. आता हिच्याबरोबर राहिले, या बाईबरोबर राहिले. तुम्ही तुमच्या घरचे कपडे धुऊन, घड्या घालून हिच्या लोकांना पाठवता, ते पाहिलं. आता ते मागणं माझ्या तोंडून निघत नाही. पण मग मागू काय? मला तर सुचत नाही. तुम्ही सुचवा."

वन्संनं हे सगळं सांगितलं. मग बसवाल्या बाई, ज्यांना कुजबुजणं माहीतच नाही, जागेवरूनच म्हणाल्या, "तिला घरी पाठव, असं मागण्याऐवजी मला तिच्या घरी पाठव, असं मागा की!"

वन्संनं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मी? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी? डोंगरात?"

यावर थोरल्या बाई काठी टेकत उठल्या आणि आपला खुबा थोपटून काहीतरी बोलल्या. वन्सं म्हणाली, "त्या म्हणतात, बहात्तराव्या वर्षापर्यंत त्या मोडका खुबा घेऊन तो डोंगर चढत होत्या. आणि तुझे तर दोन्ही धड आहेत."

सासूबाईंनी पदर खोचला. हे मी पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं, आता या जाणार.

थोरल्या बाईंच्या घरी परत आल्यापासून सासूबाईंनी जिना धरला. सकाळी उठून तळमजल्यापासून स्वयंपाकघरापर्यंत तीन वेळा चढ-उतार. चांभार दारात उभा राहून बोटं मोजायचा. थोरल्या बाई वरच्या पायरीवर बसून ओरडायच्या, "वेडाबाई! हळू!" आठव्या दिवशी फेऱ्या पाच झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब घेतला आणि म्हणाले, जीप दवाखान्याच्या दारापर्यंत जात असेल तर माझी हरकत नाही. वन्सं म्हणाली, आता जाते, पूर्वी जात नव्हती. कागदपत्रांसाठी हे तीनदा कचेरीत जाऊन आले आणि तिसऱ्या खेपेला तिथल्या टेबलावरचा बंद पंखा चालू करून आले.

मला आतून धास्ती होती. एक दिवस समुद्रकाठच्या दोरीवर कपडे वाळत घालताना मी वन्संला विचारलं, "तुला झेपेल का गं? पेशंट बघशील की आईला?"

ती चिमटा दातात धरून म्हणाली, "वहिनी, मला पाहिजे गं ती. दरवेळी मी घरी पाहुणी म्हणून येते. एकदा तरी तिनं माझ्याकडे यावं, माझ्या चुलीवर चहा करावा, माझ्या शेजारणींना नावं ठेवावीत." मग चिमटा काढून हसली. "आणि पेशंटांना रांगेत बसवायला कुणीतरी खमकं हवंच आहे."

निघायच्या आदल्या दिवशी ओळखीची सगळी मंडळी जेवायला आली. चांभार, त्याची बायको, बसवाल्या बाई, चर्चचे पाळक आणि त्यांची दोन मुलं. जागा पुरेना म्हणून निम्मे जिन्यावर ताटं घेऊन बसले. प्रत्येक पायरीवर एकजण, आणि वाढणं हातोहात खाली येत होतं. थोरल्या बाईंनी सासूबाईंना एक लांबलचक यादी दिली. मला वाटलं औषधांची असेल. वन्संनं वाचून दाखवली, तर डोंगरातल्या कुणाकुणाला माझ्यातर्फे रागाव, त्याची होती. एकानं तंबाखू सोडली नसेल, एकीनं बाळाला टोचायला आणलं नसेल, एका म्हाताऱ्यानं चष्मा पुन्हा शेळीला खायला दिला असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एका बसमध्ये बसलो आणि सासूबाई आणि वन्सं दुसरीत. सासूबाईंनी खिडकीतून यांना सूचना दिल्या, मला सूचना दिल्या, आणि बस हलल्यावर थोरल्या बाईंकडे बघून दोन्ही हात हलवत राहिल्या. थोरल्या बाई रडायला लागल्या तेव्हा त्या खिडकीतून ओरडल्या, "खाऊन घे, मग रड!"

तीन महिने त्या तिथे राहिल्या. आठवड्यातून एकदा फोन यायचा, त्यात खरखर जास्त आणि त्यांचं बोलणं त्याहून जास्त. दवाखान्याच्या दारात त्यांना एक बाक मिळाला होता. तिथे बसून त्या पट्ट्या गुंडाळायच्या, लहान मुलं सांभाळायच्या आणि रांग मोडणाऱ्याला असं बघायच्या की तो मुकाट मागे जायचा. यादीतल्या सगळ्यांना त्या रागावल्या. चष्म्याच्या म्हाताऱ्याला दोनदा.

हे जाऊन त्यांना घेऊन आले. बारीक झाल्या होत्या, रंग रापला होता, पण पावलं जिन्यावर अशी पडत होती की मलाच मागे राहावं लागलं. दोन दिवस झोपल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसल्या. मला वाटलं, दमल्यात.

मग म्हणाल्या, "तिथे ती मोठ्यानं हसते गं."

"कोण? वन्सं?"

"हो. बायकांमध्ये बसते आणि अशी हसते की पार खालच्या वाटेपर्यंत ऐकू जातं. इथे कधी ऐकलं होतंस?"

मी आठवून पाहिलं. आम्ही एका बाकावर बसून गायलो होतो, भांडलो होतो, पण असं हसणं आठवेना.

"मीही नव्हतं ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या वडिलांचं हसू आहे ते. कुठे जपून ठेवलं होतं कोण जाणे." आणि स्टूल पुढे ओढून, "चहा टाक. तिची ती शेजारीण आहे ना, तिचं सांगते तुला. बाई चांगली आहे, पण दूध कसं तापवते माहितेय का?"